ड्राइव्ह जोडला की संगणक गोठायचा

टचपॅडवर बोट फिरवलं की पडद्यावरचा बाण हलायचा, बाकी काहीच हलायचं नाही. खिडकी बंद व्हायची नाही, टर्मिनलमध्ये अक्षर उमटायचं नाही, कोपऱ्यातलं घड्याळ १०.४२ वर थांबलेलं. बाहेरच्या ड्राइव्हचा दिवा लुकलुकायचा थांबून एकटक पेटलेला. पाच मिनिटं वाट पाहिली, दहा पाहिली, मग पॉवरचं बटण दाबून धरलं.

त्या दिवशी मी लिनक्सवर चालणाऱ्या माझ्या लॅपटॉपवर ४ टीबीच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवरून यूएसबी केसिंगमध्ये बसवलेल्या एका एसएसडीवर कॉपी करत होतो. अकरा वर्षांचे फोटो आणि घरातल्या माणसांच्या आवाजाची जुनी रेकॉर्डिंग, सगळं मिळून ६०० जीबीच्या आसपास. त्यातल्या दोघांचा आवाज आता फक्त त्या फायलींतच उरला आहे. ही दुसरी प्रत करायचं मी वर्षभर लांबणीवर टाकलं होतं, आणि नेमकी ती करायला घेतली तर चाळीसएक जीबी झाल्यावर सगळं ठप्प. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. एकदा ३५ जीबीवर, एकदा ७० वर, एकदा तर जेमतेम ८ वर.

असं झालं की कुणाच्याही मनात येतं तेच माझ्या मनात आलं, डिस्क चालली. घाबरत घाबरत डिस्कची तब्येत तपासणारं स्मार्टसीटीएल चालवलं. यूएसबीमागे दडलेल्या डिस्ककडून माहिती काढायची तर त्याला बरेचदा 'सॅट' हा प्रकार सांगावा लागतो, नाहीतर ते बाहेरच्या चिपशीच बोलत बसतं. रीअलोकेटेड सेक्टर शून्य, पेंडिंग सेक्टर शून्य, म्हणजे डिस्कवर खराब किंवा संशयास्पद जागा नाही. लांबची चाचणी लावली, तीही पास. एसएसडीचंही तसंच. मग केबल बदलली. मग पोर्ट बदलला, कारण यूएसबी २.० च्या पोर्टवर ५०० मिलिअँपिअरच मिळतात आणि ३.० वर ९००, आणि वीज कमी पडली की फिरणाऱ्या डिस्का काहीही करू शकतात. स्वतंत्र अडॅप्टर असलेला हब आणून पाहिला. रात्रभर मेमरी तपासणी लावून झोपलो, सकाळी एकही चूक नाही.

या सगळ्यात दोन आठवडे गेले. तरी एक धागा हाताशी होता, तो मी वेळेवर ओढला नाही. हेच दोन्ही ड्राइव्ह, हीच केबल दुसऱ्या एका लॅपटॉपवर लावून पाहिली होती आणि तिथे १०० जीबी विनातक्रार गेले होते. मी त्यातून एवढंच ठरवलं की माझ्या लॅपटॉपचा यूएसबी कंट्रोलर खराब असणार. त्या दुसऱ्या लॅपटॉपवर लिनक्सच होतं, पण नवीन आवृत्तीचं, ही गोष्ट डोक्यात टिकली नाही.

लॉग नीट वाचायला बसलो तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. गोठल्यावर बटण दाबून बंद केलं की शेवटच्या काही मिनिटांच्या नोंदी डिस्कवर पोचलेल्याच नसतात, त्यामुळे पुढच्या बूटनंतर जर्नलसीटीएल या आज्ञेनं मागच्या बूटचा लॉग पाहिला तर तो अपघाताच्या आधीच तुटलेला असतो. उपाय सोपा आहे. कॉपी सुरू करायच्या आधी दुसऱ्या संगणकावरून एसएसएचनं, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करून, या संगणकावर आलो आणि कर्नलचे (लिनक्सचा गाभा, जो हार्डवेअर सांभाळतो) संदेश दाखवणारं डीएमईएसजी 'फॉलो' पर्यायासह उघडं ठेवलं. आता इकडे काहीही थिजलं तरी कर्नल जे बोलेल ते तिकडच्या पडद्यावर दिसणार.

बावीस मिनिटांनी इकडचा पडदा थांबला आणि तिकडे ओळी यायला लागल्या. आधी 'यूएएस' हे नाव असलेल्या ओळी, अमुक कमांड अबॉर्ट करतो आहे, तमुक अबॉर्ट करतो आहे, एकामागून एक वीसेक. मग 'रीसेट सुपरस्पीड यूएसबी डिव्हाइस'. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग कर्नलची ती ओळ, जी पाहिली की लिनक्सवाल्या माणसाच्या पोटात गोळा येतो : अमुक टास्क १२० सेकंदांपेक्षा जास्त काळ ब्लॉक झाला आहे. पहिला कॉपीचा प्रोसेस, पाठोपाठ कर्नलचे लिहिणारे धागे, मग फाइल मॅनेजर.

एसएसएचचं कनेक्शन मात्र जिवंत होतं! म्हणजे संगणक मेलेला नव्हता. चालू प्रोसेसची यादी दाखवणारं पीएस चालवून पाहिलं तर सहा प्रोसेस 'डी' अवस्थेत. ही अवस्था समजून घेण्यासारखी आहे. 'एस' म्हणजे साधी झोप, हाक मारली की जाग येते. 'डी' म्हणजे हाक ऐकू न येणारी झोप. प्रोसेसनं कर्नलकडे हार्डवेअरचं काम सोपवलेलं असतं आणि उत्तर येईपर्यंत त्याला मध्येच उठवणं धोक्याचं, म्हणून कर्नल त्याला कुठलाही सिग्नल पोचू देत नाही. त्यामुळे प्रोसेस जबरदस्तीनं मारणारं 'किल -९' सुद्धा वाया जातं. मी चार वेळा दिलं, चारही वेळा काही झालं नाही. उत्तर यूएसबीच्या पलीकडून यायचं होतं आणि ते येतच नव्हतं.

रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून प्रॉक फाइल सिस्टिममधल्या सिस्-आरक्यू ट्रिगर फाइलमध्ये 'डब्ल्यू' हे एक अक्षर लिहिलं की अडकलेल्या सगळ्या प्रोसेसचा कर्नलमधला माग लॉगमध्ये उतरतो. तो वाचायला कर्नल प्रोग्रॅमर असावं लागत नाही. फंक्शनांची नावं वरून खाली वाचत गेलो तरी कोण कुणाची वाट पाहतंय ते कळतं. माझ्याकडे सगळे रस्ते एकाच जागी जात होते : स्कझी थराची (ड्राइव्हला कमांडा देणारा कर्नलचा भाग) चूक सावरणारी यंत्रणा यूएएसला रीसेट करायला सांगून बसली होती, आणि तो रीसेट पुरा होत नव्हता.

इथे थोडं थांबून यूएएस म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. यूएसबी ड्राइव्हशी बोलायच्या दोन पद्धती आहेत. जुनी पद्धत, बल्क-ओन्ली, एका वेळी एकच काम करते : कमांड पाठव, डेटा दे किंवा घे, झालं का ते विचार, मगच पुढची कमांड. लिनक्समध्ये यूएसबी-स्टोरेज नावाचा ड्रायव्हर हे करतो. नवी पद्धत यूएएस, म्हणजे यूएसबी अटॅच्ड स्कझी. तिच्यात अनेक कमांडा एकदम रांगेत लावता येतात आणि ड्राइव्ह त्या सोयीच्या क्रमानं उरकतो. एसएसडीला याचा चांगलाच फायदा होतो. लिनक्समध्ये हा ड्रायव्हर बराच काळ अर्धवट अवस्थेत पडून होता. हान्स द खूदे यांच्या कामामुळे २०१४ मधल्या ३.१५ कर्नलपासून तो खऱ्या अर्थानं वापरात आला. पण जितक्या कमांडा एकदम हवेत, तितकं काही बिघडलं की सावरणं अवघड. एक चेंडू झेलणं आणि वीस चेंडू झेलणं यांतला फरक आहे तो. त्यात केसिंगमधली ती छोटी ब्रिज चिप, जी यूएसबीची भाषा साटाच्या भाषेत बदलते, कधीकधी ताणाखाली अडखळते. बाजारातल्या सगळ्याच चिपा सारख्या दर्जाच्या नसतात.

कोणता ड्रायव्हर चालू आहे ते जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणारं एलएसयूएसबी झाडाच्या रूपात, म्हणजे 'टी' पर्यायानं पाहिलं की कळतं. माझ्याकडे दोन्ही ड्राइव्हसमोर 'यूएएस' होतं.

एक प्रश्न मला छळत होता. अडकला तो बाहेरचा ड्राइव्ह. माझी सिस्टिम तर आतल्या डिस्कवर आहे. मग सगळा पडदा का थिजावा? याचं उत्तर मेमरीत होतं. आपण फाइल लिहितो तेव्हा ती लगेच डिस्कवर जात नाही, मेमरीत 'डर्टी' पानं म्हणून थांबते आणि कर्नल ती सवडीनं उतरवतो. मूळ सेटिंगप्रमाणे उपलब्ध मेमरीच्या १० टक्के पानं डर्टी झाली की मागच्या मागे लिहिणं सुरू होतं, आणि २० टक्क्यांवर गेली की लिहू पाहणाऱ्या प्रोसेसना कर्नल थोपवून धरतो. माझ्याकडे १६ जीबी मेमरी, म्हणजे तीनेक जीबीचा साठा एका न उतरणाऱ्या ड्राइव्हमागे तुंबलेला. मेमरीचा हिशेब दाखवणाऱ्या मेमइन्फो फाइलमध्ये 'डर्टी' आणि 'राइटबॅक' या दोन ओळी दर सेकंदाला पाहत बसलो तर हे डोळ्यांदेखत घडताना दिसतं. एकदा हा बांध भरला की आतल्या डिस्कवर चार ओळी लिहू पाहणारा निरपराध ब्राउझरही त्याच रांगेत उभा राहतो. वर फाइल मॅनेजर त्या ड्राइव्हवर किती जागा उरली ते विचारायला जातो आणि स्वतःच 'डी' मध्ये पडतो.

म्हणून मी आधी या बांधाची उंची कमी केली. कर्नलच्या सेटिंग बदलणाऱ्या सिसीटीएलमध्ये डर्टी-बाइट्स २५६ एमबी आणि डर्टी-बॅकग्राउंड-बाइट्स ६४ एमबी. फरक लगेच जाणवला. मोठी कॉपी चालू असताना एरवी येणारा तो जडपणा, टाइप केलेलं अक्षर दोन सेकंदांनी उमटणं, जवळजवळ गेला. मला वाटलं झालं काम. दीड तासानं संगणक पुन्हा गोठला.

तेव्हा लक्षात आलं की मी दोन वेगवेगळ्या दुखण्यांना एकच नाव देत होतो. एक दुखणं मंदपणाचं : हळू ड्राइव्हमागे साठा तुंबतो, संगणक रेंगाळतो, पण ड्राइव्हचा दिवा लुकलुकत राहतो आणि थोड्या वेळानं सगळं सुटतं. त्याला डर्टी-बाइट्स हे औषध लागू पडतं. दुसरं दुखणं खरं गोठण्याचं : दिवा स्थिर, १२० सेकंदांची ओळ, आणि कितीही वाट पाहिली तरी सुटका नाही. हे दुखणं ड्रायव्हरमध्ये आहे आणि मेमरीची कुठलीही सेटिंग त्याला हात लावू शकत नाही. तुमचा संगणक बाहेरच्या ड्राइव्हमुळे अडकत असेल तर सगळ्यात आधी यांतलं कोणतं चाललंय ते ठरवा. ते न ठरवता मी केबलवर केबल बदलत बसलो होतो.

दुसऱ्या दुखण्यावरचा ठरलेला उपचार म्हणजे त्या ड्राइव्हपुरतं यूएएस बंद करणं. एलएसयूएसबीमध्ये दिसणारे उत्पादक आणि उपकरण यांचे आकडे घ्यायचे, यूएसबी-स्टोरेजच्या 'क्वर्क्स' (अपवाद नोंदवायच्या) पर्यायात त्यांच्यानंतर 'यू' लावून मॉडप्रोबच्या (ड्रायव्हरच्या सेटिंगच्या) फोल्डरमध्ये एक ओळीची फाइल करायची, इनिटरॅमएफएस, म्हणजे बूट होताना सुरुवातीला लागणाऱ्या फायलींचा गठ्ठा, नव्यानं बांधायचा आणि रीस्टार्ट. केलं. ड्राइव्ह यूएसबी-स्टोरेजवर आला आणि गोठणं थांबलं. दोन दिवस निवांत गेले. पण छोट्या छोट्या फायलींची कॉपी इतकी मंदावली की ४० हजार फोटोंचं एक फोल्डर आधीच्या दुपटीहून जास्त वेळ घ्यायला लागलं. आणि नवीन केसिंग आणलं की पुन्हा नवे आकडे, पुन्हा फाइल. माझ्या मते ही कुबडी आहे. पाय मोडलेला असताना लागतेच, आणि घाईत बॅकअप घ्यायचा असेल तर मी आजही आधी हेच करीन. पण ती घेऊन कायम चालायची माझी तयारी नव्हती.

तेव्हा तो दुसरा लॅपटॉप आठवला. उघडून युनेम या आज्ञेनं कर्नलची आवृत्ती विचारली : ५.१५. माझ्या संगणकावर : ५.४.

५.४ हा नोव्हेंबर २०१९ चा कर्नल, ५.१५ ऑक्टोबर २०२१ अखेरचा. दोन्ही दीर्घकाळ सांभाळण्यासाठी निवडलेल्या मालिकांतले. माझा गैरसमज असा होता की मी दर आठवड्याला अपडेट करतो म्हणजे माझा कर्नल नवा आहे. तसं नसतं. स्थिर वितरणात, म्हणजे उबंटू किंवा डेबियनसारख्या तयार लिनक्स सिस्टिममध्ये, कर्नलची मालिका तीच राहते, तिच्यात फक्त सुरक्षेच्या आणि निवडक दुरुस्त्या येत राहतात. यूएसबी कंट्रोलरच्या एक्सएचसीआय ड्रायव्हरमध्ये, स्कझी थरात, ब्लॉक थरात मधल्या दोन वर्षांत झालेल्या मोठ्या फेरबदलांचा बराचसा भाग मागे आणला जातच नाही. कर्नलच्या सोर्समध्ये या दोन आवृत्त्यांदरम्यानच्या एक्सएचसीआयच्या बदलांची यादी चाळली. कमांड रद्द करणं आणि अडकलेला एंडपॉइंट (उपकरणाशी डेटाची देवाणघेवाण होते ती वाट) पुन्हा चालता करणं याच विषयावरच्या नोंदी त्यात पुन्हा पुन्हा येत होत्या. माझ्या लॉगमध्ये जे घडताना दिसत होतं, नेमकं तेच.

त्यासाठी सगळी सिस्टिम बदलायची गरज नसते. उबंटूच्या २०.०४ आवृत्तीचा मूळ कर्नल ५.४, पण त्याच आवृत्तीसाठी एचडब्ल्यूई (हार्डवेअर एनेबलमेंट) नावाच्या पॅकेजमधून ५.१५ मिळत होता. डेबियनमध्ये हेच काम बॅकपोर्ट्समधून, म्हणजे जुन्या आवृत्तीसाठी बांधलेल्या नव्या पॅकेजांच्या साठ्यातून, होतं. मेनलाइनचा, म्हणजे कर्नलच्या मूळ विकासकांकडचा, अगदी ताजा कर्नल हातानं टाकायचा मोहही झाला होता, पण तो टाळला. हातानं टाकलेल्या कर्नलला सुरक्षेचे अपडेट आपोआप येत नाहीत, आणि त्याच्यावर वितरणाची सही नसल्यामुळे सिक्युअर बूट चालू असेल तर तो सुरूच होत नाही. वितरणाकडून मिळतोय तोवर तिथूनच घ्यावा.

पॅकेज टाकलं आणि पहिल्या फटक्यात अडलं. माझं बूट पार्टिशन वेगळं आणि लहान, त्यात जुने तीन कर्नल साठलेले. नव्याचा इनिटरॅमएफएस लिहिताना जागा संपली आणि काम अर्धवट राहिलं. अशा वेळी रीस्टार्ट करू नये. मी चालू असलेला आणि त्याच्या आधीचा असे दोन कर्नल ठेवून सगळ्यात जुना काढला, अर्धवट राहिलेलं कॉन्फिगर पूर्ण करून घेतलं, ग्रबची (बूटच्या वेळी कर्नल निवडू देणारा प्रोग्रॅम) यादी नव्यानं बनली याची खात्री केली आणि मगच रीस्टार्ट केलं.

नवा कर्नल वर आला, पण वायफाय गायब. त्याचा ड्रायव्हर कर्नलमधला नव्हता, डीकेएमएस या साधनानं बाहेरून बांधलेला होता, आणि त्या बांधणीला लागणारी नव्या कर्नलची हेडर पॅकेजं टाकलेली नसल्यामुळे तो बांधलाच गेला नव्हता. ग्रबच्या 'ॲडव्हान्स्ड' मेनूतून जुन्या ५.४ मध्ये गेलो, नेट मिळालं, हेडर टाकले, डीकेएमएसनं मॉड्यूल बांधलं, परत ५.१५ मध्ये आलो. वीस मिनिटांचं काम. पण जुना कर्नल आधीच काढून टाकला असता तर नेटशिवाय बसावं लागलं असतं. ग्राफिक्स कार्डाचा बाहेरचा ड्रायव्हर किंवा व्हर्च्युअल मशीन वापरणाऱ्यांनी हेडर कर्नलच्या सोबतच टाकावेत.

आता खरी परीक्षा. आधीच्या सगळ्या मलमपट्ट्या काढल्या : क्वर्क्सची फाइल हटवली, इनिटरॅमएफएस पुन्हा बांधला, डर्टी-बाइट्स मूळ जागी नेले. जुनी केबल, जुना पोर्ट, हब नाही. फरक फक्त कर्नलचा असला पाहिजे, नाहीतर कशानं काय सुधारलं ते कधीच कळत नाही. आणखी एक शंका होती. कर्नलच्या आतच अडचणीच्या यूएएस उपकरणांची एक यादी असते आणि तिच्यात भर पडत राहते. नव्या कर्नलनं माझ्या केसिंगला त्या यादीत टाकून यूएएस परस्पर बंद केलं असतं, तर तो माझ्याच कुबडीचा दुसरा अवतार ठरला असता. एलएसयूएसबीचं झाड पाहिलं. दोन्हीसमोर 'यूएएस'.

दुसऱ्या संगणकावर लॉग उघडा ठेवून कॉपी लावली. ४० जीबी, ७०, १००. मी जागचा हललो नाही. १६० च्या आसपास ड्राइव्हचा दिवा स्थिर झाला. तिकडच्या पडद्यावर ओळखीची ओळ आली, कमांड अबॉर्ट करतो आहे. मग दुसरी, मग पाच-सहा. मग 'रीसेट सुपरस्पीड यूएसबी डिव्हाइस'. मी पॉवरच्या बटणाकडे हात नेला होता. आणि दिवा पुन्हा लुकलुकायला लागला. कॉपीचा आकडा पुढे सरकला. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाहून थोडं जास्त. स्कझी कमांडची मूळ मुदत ३० सेकंदांची असते, ती संपली, कर्नलनं रांगेतल्या कमांडा रद्द केल्या, ड्राइव्हला रीसेट केलं आणि काम जिथे सोडलं होतं तिथून उचललं. तेवढ्या वेळात मी दुसऱ्या खिडकीत टाइप करू शकत होतो.

म्हणजे केसिंगमधली चिप अडखळणारीच होती, आजही आहे. ५.४ मध्ये तिच्या अडखळण्याबरोबर सगळा डोलारा कोसळायचा, ५.१५ तिला उठवून पुढे चालतो. ५२० जीबी झाले तोवर असे तीन रीसेट लॉगमध्ये आले आणि तिन्ही वेळा कॉपी आपोआप चालू झाली.

खात्रीसाठी दुसऱ्या दिवशी मुद्दाम ५.४ मध्ये बूट करून तीच कॉपी लावली. ३८ मिनिटांत गोठला. पुन्हा ५.१५, पुन्हा पार. त्यानंतर मला शंका राहिली नाही.

एक काम मात्र बाकी होतं. इतक्या वेळा मध्येच बंद केलेल्या ड्राइव्हवरच्या फायलींवर मी डोळे मिटून विश्वास ठेवू शकत नव्हतो. आधी दोन्हींची फाइल सिस्टिम अनमाउंट करून तपासली. एसएसडीवर अर्धवट लिहिलेल्या काही नोंदी सापडल्या, त्या दुरुस्त केल्या. मग फायली ताडून कॉपी करणारं आरसिंक 'चेकसम' पर्यायासह चालवलं, म्हणजे ते तारीख आणि आकार यांच्यावर न विसंबता प्रत्येक फाइल आतून वाचून ताडून पाहतं. त्याला रात्रभर लागलं. सकाळी यादीत सतरा फायली होत्या, ज्यांचा आकार बरोबर पण मजकूर चुकीचा. गोठण्याच्या वेळी लिहिल्या जात असलेल्या त्याच या फायली असणार, कारण तारखा जुळत होत्या. साध्या कॉपीनं त्या 'आधीच आहेत' म्हणून वगळल्या असत्या. सतरामध्ये दोन रेकॉर्डिंग होती. मूळ डिस्कवरून आरसिंकनं त्या परत लिहिल्या, आणि दुसऱ्या फेरीत यादी रिकामी आली.

आता दोन्ही प्रतींसोबत शा-२५६ च्या बेरजांची (प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठशासारखा आकडा) एक फाइल ठेवली आहे आणि महिन्यातून एकदा ती ताडून पाहतो. अडखळणारं केसिंग बॅकअपच्या कामातून काढलं. जुना ५.४ मी दीड महिना ग्रबच्या यादीत राहू दिला, मग काढला. क्वर्क्सची ती एक ओळ मात्र वहीत लिहून ठेवली आहे, उत्पादकाच्या आणि उपकरणाच्या आकड्यांसकट.